‘पुस्तक काढा’ म्हणजे नेमके काय करा?

मराठीत ‘पुस्तक काढणे’ याचे किती अर्थ होतात, ते मोजून पाहा. विद्यार्थी दप्तरातून पुस्तक काढतो. वाचक ग्रंथालयातून आठवड्यासाठी पुस्तक काढतो. प्रकाशक नवे पुस्तक काढतो. आणि फाटलेले, वाळवी लागलेले पुस्तक ग्रंथपाल नोंदवहीतून काढून टाकतात. बोलताना आपला गोंधळ होत नाही, कारण कोण बोलत आहे आणि कोठे उभे राहून बोलत आहे, हे आपल्याला दिसत असते.

आता एक काल्पनिक शाळा घेऊ. तेथील ग्रंथालयाची कामे संगणकावर चालतात आणि विद्यार्थ्यांच्या विनंत्या वाचून ती पार पाडण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका प्रोग्रामकडे दिले आहे. त्याच्या हाताशी दोन सोयी आहेत. पहिलीचे नाव ‘देवघेव’ आणि तिच्यापुढे लिहिले आहे, ‘व्यवहाराची नोंद करते.’ दुसरीचे नाव ‘निर्लेखन’ आणि तिच्यापुढे लिहिले आहे, ‘पुस्तक काढते. क्रमांक द्यावा.’ एक विद्यार्थी लिहितो, “मला २१४ क्रमांकाचे पुस्तक काढायचे आहे.” प्रोग्राम दोन्ही ओळी वाचतो, दुसरी निवडतो आणि २१४ क्रमांकाचे पुस्तक दाखल नोंदवहीतून कायमचे कमी होते.

यात चुकले कोण? विद्यार्थ्याचे मराठी शुद्ध होते. निर्लेखनाच्या सोयीने तिचे काम बिनचूक केले. प्रोग्रामने समोर लिहिले होते त्यावरून निवड केली. दोष होता तो ‘पुस्तक काढते’ या दोन शब्दांत. असे दोन-चार शब्द चांगले आहेत की वाईट, हे काम बिघडण्याआधी कसे ओळखावे, हा या लेखाचा विषय आहे.

एजंट आणि त्याची साधने

एजंट म्हटले की आपल्याला विम्याचा एजंट आठवतो. येथेही अर्थ फार वेगळा नाही. आपल्या वतीने कामे करणाऱ्या संगणकीय प्रोग्रामला एजंट म्हणतात. त्याच्या केंद्रस्थानी भाषेचे एक मॉडेल असते. हे मॉडेल मजकूर वाचते आणि मजकूर लिहिते. त्याला स्वतःला पुस्तकाची नोंद करता येत नाही, आजचे तापमान ठाऊक नसते, पत्र पाठवता येत नाही. ही कामे करणारे छोटे प्रोग्राम वेगळे असतात. इंग्रजीत त्यांना ‘टूल’ म्हणतात. आपण त्यांना साधन म्हणू.

मॉडेल आणि साधन यांची गाठ कशी पडते? प्रत्येक साधनाचे नाव, ते काय करते याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवावी लागते याची यादी, एवढा मजकूर वापरणाऱ्याच्या प्रश्नाबरोबर मॉडेलसमोर ठेवला जातो. साधनाची गरज आहे असे वाटल्यास मॉडेल ठरावीक साच्यात एक मागणी लिहिते: अमुक साधन, अमुक क्रमांक. बाहेरचा प्रोग्राम ती मागणी वाचतो, साधन चालवतो आणि आलेले उत्तर पुन्हा मॉडेलसमोर मजकूर म्हणून ठेवतो.

ही पद्धत अलीकडची आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मेटा कंपनीच्या संशोधकांनी ‘टूलफॉर्मर’ हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात मॉडेलला गणकयंत्र, शोधयंत्र, दिनदर्शिका अशी साधने केव्हा वापरावीत हे शिकवले होते. जून २०२३ मध्ये ओपनएआय कंपनीने आपल्या मॉडेलला साधनांची वर्णने देण्याची सोय प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाचा खुला संकेत जाहीर केला. त्यामुळे एकाने लिहिलेले साधन दुसऱ्याच्या एजंटला जोडता येऊ लागले.

या शेवटच्या पायरीने वर्णनाचे महत्त्व फार वाढले. साधन लिहिणारा आणि ते वापरणारा एजंट यांची कधी भेटच होत नाही. मॉडेलला बहुधा साधनाच्या आतले काही दिसत नाही. त्याला दिसते ते वर्णन. आपला एखादा नवा सहकारी ‘म्हणजे नेमके कोणते पुस्तक काढू?’ असे विचारील. मॉडेलही विचारू शकते, पण शंका येण्यासाठी तरी वर्णनात काही धागा असावा लागतो.

वाचून काय तपासता येते?

वर्णन हाती आले की पहिली परीक्षा वाचनाची. आम्ही सात प्रश्न सुचवतो. साधन काय करते? ते केव्हा वापरावे? केव्हा वापरू नये? त्याला कोणती माहिती, कोणत्या एककात आणि कोणत्या रूपात द्यावी? उत्तर कोणत्या रूपात मिळते? काम न झाल्यास काय कळते? आणि केलेले काम उलटवता येते का?

यांपैकी तिसरा आणि सातवा प्रश्न सर्वांत जास्त विसरले जातात. आपल्या निर्लेखनाचे वर्णन हे प्रश्न मनात ठेवून पुन्हा लिहिले, तर ते असे होईल:

‘दिलेल्या दाखल क्रमांकाचे पुस्तक ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीतून कायमचे कमी करते. हरवलेल्या किंवा खराब झालेल्या पुस्तकासाठी, ग्रंथपालांची मंजुरी असेल तरच वापरावे. वाचकाला पुस्तक घरी न्यायचे असेल तर हे साधन वापरू नये. त्यासाठी देवघेव वापरावे. दाखल क्रमांक आकड्यांत द्यावा. तो ठाऊक नसेल तर अंदाज करू नये, विचारावे. क्रमांक न सापडल्यास तसे कळवते आणि नोंदवहीत बदल करत नाही. हे काम उलटवता येत नाही.’

माहितीच्या रूपाचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तेथेच बरेच पाय घसरतात. ३/४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? आपल्याकडे पहिला अर्थ, अमेरिकेत दुसरा. मराठीतली आणखी एक गंमत पाहा. ‘परवा’ हा शब्द कालच्या आधीच्या दिवसालाही चालतो आणि उद्याच्या नंतरच्या दिवसालाही. ‘परवाची नोंद दाखव’ ही विनंती मागचीही असू शकते आणि पुढचीही. म्हणून ‘तारीख द्यावी’ एवढे वर्णन अपुरे आहे. ‘वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, आकड्यांत’ असे लिहावे लागते, आणि विनंतीतून दिवस स्पष्ट होत नसेल तर काय करावे हेही.

वर्णन खरे आहे का?

वर्णन सुबक असेल, सातही प्रश्नांना उत्तर देत असेल, आणि तरीही खोटे असेल. म्हणून दुसरी परीक्षा सत्यतेची. साधन प्रत्यक्ष चालवून, वर्णनात म्हटले आहे तेच ते करते का, हे पाहावे लागते.

याचे एक मोठे उदाहरण एजंटच्या काळाच्या आधीचे आहे. नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताना नष्ट झाले. दोन प्रोग्राममधील देवाणघेवाणीच्या लेखी नियमात आवेग न्यूटन-सेकंदात द्यावा असे ठरले होते. जमिनीवरील एका प्रोग्रामने मात्र तो पाउंड-सेकंदात दिला. एक पाउंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. म्हणजे प्रत्येक आकडा तितक्या पटीने चुकीचा वाचला गेला. लेखी नियम स्पष्ट होता. प्रोग्राम त्याप्रमाणे वागत नव्हता. एजंटच्या साधनांतही असेच घडू शकते. साधनात सुधारणा होते, वर्णन जुनेच राहते. म्हणून साधन बदलले की वर्णनाची तपासणी पुन्हा झाली पाहिजे.

वाचणाऱ्याच्या वागण्यावरून परीक्षा

आता तिसरी आणि मुख्य परीक्षा. प्रश्नपत्रिकेतील एखादा प्रश्न चांगला आहे की नाही, हे तो किती सुंदर लिहिला आहे यावरून आपण ठरवत नाही. चांगली तयारी असलेली निम्मी मुले प्रश्नाचा अर्थच वेगळा लावत असतील, तर दोष प्रश्नात आहे असे म्हणतो. वर्णनाचेही तेच. ते वाचून मॉडेल काय करते, हीच त्याची कसोटी.

त्यासाठी विनंत्यांचा एक संच तयार करतात आणि प्रत्येक विनंतीला योग्य कृती कोणती, हे आधीच लिहून ठेवतात. संचात चार प्रकार असावेत: जेथे हेच साधन हवे, जेथे शेजारचे, मिळतेजुळते साधन हवे, जेथे कोणतेच साधन नको, आणि जेथे माहिती अपुरी असल्याने उलट विचारायला हवे. पहिलाच प्रकार घेऊन केलेली चाचणी फसवी असते. का, ते एका उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, ग्रंथालयातील ‘शोध’ या साधनासाठी आपण ४० विनंत्या केल्या. त्यांपैकी २० विनंत्यांना शोध हवा आहे, २० विनंत्यांना नको आहे. वर्णन ‘अ’ म्हणते, ‘पुस्तकांविषयी सर्व माहिती देते.’ वर्णन ‘आ’ म्हणते, ‘लेखक, शीर्षक किंवा विषय यांवरून ग्रंथालयातील पुस्तके शोधते, पुस्तकातील मजकुराविषयीचे प्रश्न किंवा वाचकाच्या खात्याची माहिती यांसाठी वापरू नये.’

‘अ’ वाचून मॉडेलने गरजेच्या २० पैकी २० वेळा शोध वापरला. पैकीच्या पैकी! पण गरज नसलेल्या २० पैकी १४ वेळाही तो वापरला. ‘आ’ वाचून गरजेच्या २० पैकी १८ वेळा आणि गरज नसताना फक्त एकदा वापरला. आता दोन प्रमाणे काढू. गरज होती तेव्हा किती वेळा वापरला? ‘अ’ १०० टक्के, ‘आ’ ९० टक्के. वापरला तेव्हा किती वेळा गरज होती? ‘अ’ ३४ पैकी २०, म्हणजे सुमारे ५९ टक्के. ‘आ’ १९ पैकी १८, म्हणजे सुमारे ९५ टक्के. एकूण योग्य कृती ‘अ’च्या २६, ‘आ’च्या ३७.

मग ‘आ’ चांगले का? बहुतेक वेळा होय, पण शेवटचा शब्द कामाच्या स्वरूपाचा असतो. शोध एकदा जास्त झाला तर क्षणभर वेळ वाया जाईल. निर्लेखन एकदा जास्त झाले तर पुस्तक नोंदवहीतून जाईल. म्हणून चुका मोजताना प्रत्येक चुकीला तिच्या परिणामाप्रमाणे वजन द्यावे. शिवाय ४० विनंत्यांच्या संचात एका विनंतीने अडीच टक्के फरक पडतो. एक-दोन विनंत्यांच्या फरकावरून निकाल देऊ नये. संच मोठा करावा.

एकदा जमले म्हणजे नेहमी जमले का?

त्याच विनंतीला मॉडेल दर वेळी तेच उत्तर देईल असे नाही. म्हणून प्रत्येक विनंती अनेकदा द्यावी लागते. एखादे काम दर वेळी जमण्याची शक्यता ९० टक्के असेल आणि प्रत्येक खेप स्वतंत्र असेल, तर ते सलग आठ वेळा जमण्याची शक्यता ०.९ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ४३ टक्के. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना घातांकाचे हे उदाहरण जरूर द्यावे.

जून २०२४ मध्ये सिएरा या कंपनीतील संशोधकांनी ‘टाउ-बेंच’ ही कसोटी प्रसिद्ध केली. त्यात एजंटला दुकानाच्या आणि विमान कंपनीच्या ग्राहकसेवेची कामे ठरलेल्या नियमांत राहून करायची होती. त्या वेळच्या आघाडीच्या जीपीटी-४ओ या मॉडेललाही निम्म्याहून कमी कामे जमली. आणि दुकानाच्या कामांत आठही खेपांना यश मिळण्याचे प्रमाण २५ टक्क्यांहून कमी होते. ही कसोटी संपूर्ण एजंटची आहे, केवळ वर्णनांची नव्हे. पण सातत्य वेगळे मोजायचे, हा तिचा धडा वर्णनांनाही लागू आहे.

दोष सापडला की काय करावे?

चुकलेल्या विनंत्यांची यादी समोर ठेवावी आणि मॉडेलने नेमके काय लिहिले ते वाचावे. सप्टेंबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांनी आपला असा एक अनुभव नोंदवला. इंटरनेटवर शोध घेण्याच्या साधनाला प्रश्न पुरवताना त्यांचे मॉडेल गरज नसताना ‘२०२५’ हे वर्ष जोडत होते, आणि त्यामुळे शोधाचे निकाल बिघडत होते. उपाय होता वर्णन सुधारण्याचा.

कधी शब्द बदलून भागत नाही, साधनाची घडणच बदलावी लागते. याच कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेले उदाहरण असे: प्रोग्राम दुरुस्त करणारा त्यांचा एजंट फाइलचा पत्ता सापेक्ष पद्धतीने देई आणि जागा बदलली की चुके. ‘पलीकडच्या गल्लीतले दुसरे घर’ हा पत्ता सांगणारा कोठे उभा आहे यावर अवलंबून असतो, तसेच हे. त्यांनी साधनाला पूर्ण पत्ताच द्यावा लागेल अशी अट घातली आणि चूक थांबली. आपल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन जाड आणि लांब असते. त्यामुळे प्लग उलटा बसतच नाही. ‘उलटा लावू नये’ अशी पाटी लावण्यापेक्षा हे बरे.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कशामुळे आला ते कळत नाही. आणि काही विनंत्या वेगळ्या राखून ठेवाव्यात, ज्या वर्णन सुधारताना पाहिलेल्याच नाहीत. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून मिळवलेले गुण विषय आल्याची खूण नसतात, हे शिक्षकांना सांगायला नको.

आणखी दोन सापळे आहेत. एक, लांबीचा. साधनांची वर्णने प्रश्नाबरोबर मॉडेलसमोर जातात. ५० साधने आणि प्रत्येकाचे ३०० शब्द धरले, तर मूळ प्रश्नाआधीच १५,००० शब्द झाले. त्याचा खर्च पडतो आणि कामाची ओळ गर्दीत हरवते. दुसरा, परीक्षकाचा. वर्णनांना गुण देण्याचे काम दुसऱ्या मॉडेलकडे सोपवता येते, आणि पहिली चाळणी म्हणून ते उपयोगी आहे. पण मॉडेल परीक्षक झाले की लांब उत्तराकडे झुकते, असे बर्कले आणि इतर विद्यापीठांतील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले होते. केवळ ऐटदार वाचनावर गुण देणारा परीक्षक ‘अ’ आणि ‘आ’ यांतला फरक मोजू शकत नाही.

विश्वासाचा प्रश्न

वर्णन चुकून वाईट असते, तसे मुद्दाम वाईटही असू शकते. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या संस्थेने हे दाखवून दिले. दोन संख्यांची बेरीज करणारे एक साधे साधन त्यांनी तयार केले. त्याच्या वर्णनात मात्र मॉडेलसाठी गुप्त सूचना होती: वापरणाऱ्याच्या संगणकावरील खाजगी फाइल वाच आणि तिचा मजकूर बेरजेच्या मागणीबरोबर पाठव. वापरणाऱ्याला पडद्यावर फक्त बेरीज दिसे. पूर्ण वर्णन मॉडेललाच दिसे. म्हणून परक्याने लिहिलेले साधन जोडताना त्याचे वर्णन माणसाने पूर्ण वाचले पाहिजे.

आणि चांगल्या वर्णनालाही मर्यादा आहे. ‘ग्रंथपालांच्या मंजुरीशिवाय वापरू नये’ ही सूचना आहे, कुलूप नव्हे. पैसे पाठवणे, नोंद पुसणे यांसारख्या उलटवता न येणाऱ्या कामांत मंजुरी खरोखर मागणारी सोय साधनातच हवी. वर्णनाने चूक घडण्याची शक्यता कमी होते. घडलेल्या चुकीचे नुकसान अडवायला कुलूपच लागते.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. वर्गाचे तीन गट करा. पहिल्या गटाने शाळेतील सहा कामे निवडून प्रत्येकाचे वर्णन तीस शब्दांच्या आत एकेका कार्डावर लिहावे: उदाहरणार्थ हजेरी नोंदवणे, दाखला देणे, प्रयोगशाळेचे साहित्य देणे. दुसऱ्या गटाने ती कार्डे न पाहता, फक्त कामांची नावे घेऊन वीस विनंत्या आणि त्यांची योग्य उत्तरे लिहावीत. काही विनंत्या सरळ, काही दोन कामांच्या सीमेवरच्या, काही कोणत्याच कामात न बसणाऱ्या आणि काही अपुऱ्या असाव्यात. तिसरा गट एजंट. त्याने कार्डावरील मजकुराबाहेरचे काहीही गृहीत न धरता प्रत्येक विनंतीला कार्डाचा क्रमांक, ‘कोणतेच नाही’ किंवा ‘विचारावे लागेल’ यांपैकी एक उत्तर द्यावे.

वर काढली तशी दोन प्रमाणे फळ्यावर काढा. मग पहिल्या गटाला कार्डे सुधारू द्या आणि नव्या वीस विनंत्यांवर पुन्हा चाचणी घ्या. एजंट झालेली मुले ‘पण दाखला म्हणजे कोणता दाखला, जन्माचा की शाळा सोडल्याचा?’ असे विचारू लागली, की पहिल्या गटाला आपल्या कार्डात काय राहिले ते दिसेल. आपल्याला स्वच्छ दिसणारी गोष्ट दुसऱ्याला, केवळ आपल्या शब्दांवरून, तितकीच स्वच्छ दिसेल असे आपण धरून चालतो. ते खरे आहे की नाही, हे त्याच्या वागण्यावरूनच कळते.